परराष्ट्रांचे दुःख आणि आपला कारखानदार

(आपल्या पद्मशाली समाजाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण. श्रोत्यांच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी लिहून काढताना एक-दोन ठिकाणी भर घातली आहे.)



संमेलनाच्या चालकांनी आम्हांस या व्यासपीठावर पाचारण केले, याबद्दल त्यांचे ऋण मान्य करूनच आरंभ करतो. आम्ही वक्ते नव्हे, विद्वान तर नव्हेच. आमचे आयुष्य सुताच्या भावात, बीमच्या हिशेबात आणि कामगारांच्या हजेरीपटात गेले. तेव्हा राष्ट्राराष्ट्रांतील बंधुभाव आणि त्यातील खासगी उद्योगाचे स्थान, असा भारदस्त विषय आमच्या वाट्यास यावा, याचे प्रथम आम्हांसच नवल वाटले. पण चालकांनी विषय हवेतून काढलेला नाही. आपल्या कार्यकारिणीपुढे गेले काही महिने एक पत्र पडून आहे. पूर्व आफ्रिकेतील एका देशातल्या विणकरांच्या सहकारी संस्थेने, आपल्यापैकी एका निर्यातदार बंधूंच्या ओळखीने, ते धाडले आहे. आमचा धंदा बुडत चालला आहे, तुम्ही विणकर, आम्हीही विणकर, काही मदत करता येईल काय, एवढाच त्याचा मथितार्थ. त्यावर कार्यकारिणीत दोन तट पडले. एकाच पंगतीला बसणारी माणसे त्या पत्रावरून परस्परांशी तोडून बोलू लागली, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणून त्या पत्राविषयी आमचे म्हणणे आज सर्वांपुढे मांडावे, असे ठरले.

विषयाचे मोठे अंग प्रथम थोडक्यात सांगतो. श्रीमंत राष्ट्रांनी आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाचा शेकडा 0.7 हिस्सा गरीब राष्ट्रांच्या विकासासाठी द्यावा, असा संकेत संयुक्त राष्ट्रसंघाने 1970 साली ठरविला. बोटांवर मोजण्याइतक्या देशांखेरीज तो कोणी पाळला नाही. पुढे 2015 च्या जुलैत आदिस अबाबा येथे जगातील सरकारांची परिषद भरली आणि सरकारी पैशाने हे काम निभणार नाही, खासगी उद्योगानेही हात लावला पाहिजे, असे तेथे स्पष्ट बोलले गेले. आपल्या देशाने 1964 पासून परराष्ट्रांतील तरुणांना येथे आणून शिक्षण देण्याची सरकारी योजना चालविली आहे. सारांश, सरकारे आपापल्या परीने करीत आहेत, आणि आता ती आपल्याकडे, म्हणजे धंदेवाल्यांकडे, पाहत आहेत.

आपल्याकडे असे आम्ही मुद्दाम म्हणतो. खासगी क्षेत्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मुंबईच्या टोलेजंग इमारती उभ्या राहतात. पण अक्कलकोट रस्त्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये आठ यंत्रमाग चालविणारा आपला बांधव हाही खासगी क्षेत्रच होय. आणि येथे कायद्यातील एक गंमत सांगण्यासारखी आहे. 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचा शेकडा दोन हिस्सा समाजकार्यावर खर्च करण्याचे बंधन घातले. मात्र देशाबाहेर केलेला खर्च, खेळाडूंच्या शिक्षणासारखा एखादा अपवाद सोडला, तर त्या हिशेबात धरला जात नाही. म्हणजे परदेशच्या माणसासाठी भारतीय उद्योजकाने जे करायचे, ते कायद्याच्या धाकाने नव्हे, स्वतःच्या मनानेच करायचे. आपल्या आठ मागांना तर तो कायदा लागूही नाही.

पण मदत करावी की नाही, यापेक्षा ती कशी करावी हा प्रश्न अवघड आहे, आणि तो आम्ही पुस्तकात शिकलो नाही. तो किल्लारीस शिकलो.

30 सप्टेंबर 1993. आदल्या रात्री गणेशविसर्जन होऊन गावे उशिरा झोपली होती. पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांतील दगडमातीची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. धक्का सोलापुरातही जाणवला आणि दिवस वर येतो न येतो तोच जखमींना घेऊन गाड्या आपल्या शहरातील रुग्णालयांकडे येऊ लागल्या. ते दृश्य ज्यांनी पाहिले, त्यांस ते विसरणे शक्य नाही. आपल्या पूर्व भागातील कारखानदारांनी त्या दिवशी हात आखडला नाही. आम्ही काही जणांनी दुसऱ्याच दिवशी दोन ट्रक भरले. काय भरले? चादरी आणि टॉवेल. गोदामात तेच होते. नळदुर्ग, उमरग्याच्या रस्त्याने निघालो. पाऊस लागला होता. जसजसे आत जाऊ लागलो, तसतसे रस्त्याच्या दोन्ही बाजूंस चिखलात पडलेले जुन्या कपड्यांचे ढीग दिसू लागले. गावोगावच्या दयाळू माणसांनी पाठविलेले, कोणी न उचललेले. आम्ही मनात म्हटले, लोकांनी फाटके पाठविले, आपण तर कोरा माल आणला आहे.

एका गावाबाहेर आम्ही ट्रकची फळी पाडली. एक म्हातारी पुढे आली. आम्ही तिच्या हातावर चादरीची घडी ठेवली. तिने ती परत आमच्याच हातात दिली आणि म्हणाली, "चादरी लय झाल्या, बापा. एखादं पातेलं हाय का?"

आमच्याजवळ पातेले नव्हते. दोन ट्रकांत मिळून एक पातेले नव्हते. धान्य तेथे पोचले होते, पण शिजवायला भांडे नव्हते, कारण भांडी घरांसकट गाडली गेली होती. सोलापुरात भांड्यांची बाजारपेठ कोठे आहे, हे आम्हांस ठाऊक नव्हते असे नाही. निघण्यापूर्वी, रुग्णालयात आणलेल्या जखमींच्या नातेवाइकांपैकी कोणा एकालाही विचारले असते, तरी समजले असते. आम्ही विचारलेच नाही. जे आपल्याकडे आहे, तेच दुसऱ्यास हवे आहे, असे आम्ही गृहीत धरले. धंदेवाल्याच्या दातृत्वाचा हा जन्मजात दोष आहे, आणि तो आमच्यात होता, हे या भरल्या सभेत कबूल करताना आम्हांस संकोच वाटत नाही.

आमची चूक दोन ट्रकांची होती. त्याच भूकंपाच्या पुनर्वसनात तीच चूक मोठ्या प्रमाणावरही झाली. जागतिक बँकेचे कर्जसाहाय्य आले, देशोदेशींची मदत आली, कंपन्यांनी आणि सेवाभावी संस्थांनी गावे दत्तक घेतली. बावन्न गावे नव्या जागी हलविण्यात आली. पक्की घरे मिळाली, ही लहान गोष्ट नव्हे, आणि ज्यांनी ती बांधली त्यांच्याबद्दल आमच्या मनात आदरच आहे. परंतु कित्येक ठिकाणी चौकोनी आखणीची, रुंद रस्त्यांची, शहराच्या वसाहतीसारखी गावे उभी राहिली. गुरे कोठे बांधावीत, कडबा कोठे रचावा, शेजारपण कसे राखावे, याचा विचार तेथे नव्हता. याउलट, ज्या गावी लोकांनी आपल्या जुन्या जागीच, स्वतः उभे राहून, मदतीच्या पैशाने घरे दुरुस्त करून घेतली, तेथे असे बोलणे कमी ऐकू येते. पैसा दोन्हीकडे होता. एकीकडे घरमालकास विचारले होते, एवढेच.

आता आपल्याच शहरातील एका थोर पुरुषाची आठवण करून देतो. तो आपल्या ज्ञातीचा नव्हता, पण आपल्या गावचा होता. भैया चौकाकडून जाता-येता त्यांचे स्मारक आपण पाहतो. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म 10 ऑक्टोबर 1910 रोजी सोलापुरात झाला. मुंबईच्या सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून ते डॉक्टर होऊन बाहेर पडले. 1937 साली जपानने चीनवर आक्रमण केले. चीनचे सेनानी जनरल चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. लक्षात घ्या, मागणी त्यांची होती. औषधे आणि शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर पाहिजेत, असे त्यांनी स्वतः सांगितले. त्या वेळी काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषबाबूंनी देशास आवाहन केले. ठिकठिकाणी चीन-दिन पाळले गेले आणि सुमारे 22 हजार रुपयांचा निधी जमला.

या 22 हजारांविषयी आम्हांस नेहमी कुतूहल वाटते. देश पारतंत्र्यात होता. परक्या राष्ट्रास मदत पाठविणारे आपले सरकारच नव्हते, कारण जे सरकार होते ते आपले नव्हते. तेव्हा तो पैसा सर्वस्वी खासगी होता. व्यापाऱ्याच्या तिजोरीतून आला, तसाच शाळामास्तराच्या खिशातूनही आला. आज ज्याला मोठमोठ्या नावांनी विकाससहकार्य म्हणतात, ते स्वतंत्र होण्यापूर्वीच या देशाने वर्गणी काढून करून दाखविले होते.

1 सप्टेंबर 1938 रोजी पाच डॉक्टरांचे पथक मुंबई बंदरातून निघाले. पथकाचे प्रमुख डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, डॉ. बसू, डॉ. मुखर्जी आणि आपले डॉ. कोटणीस. पुढे येनानपर्यंत आणि तेथून प्रत्यक्ष आघाडीपर्यंत ते गेले. बाकीचे चौघे यथावकाश मायदेशी परतले. डॉ. कोटणीस परतले नाहीत. 1941 साली त्यांच्याकडे डॉ. बेथ्यून यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकपद आले. परिचारिका कुओ छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला, मुलगा झाला, त्याचे नाव इन्हुआ ठेवले. इन् म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या विकाराने त्यांचे तेथेच निधन झाले. व्ही. शांतारामांनी 1946 साली त्यांच्यावर चित्रपट काढला आणि हे नाव घरोघरी पोचले.

चित्रपटात शौर्य दिसते, आणि दिसावेच. पण आमच्या मनात ठसली आहे ती त्यांच्या आयुष्यातील एक साधी गोष्ट. ते चिनी भाषा शिकले. नुसते कामापुरते चार शब्द नव्हे, तर त्या भाषेत विद्यार्थ्यांना शिकविता येईल इतकी शिकले. शस्त्रक्रिया करायला भाषा लागत नाही. बेशुद्ध माणसाशी बोलायचे काय? पण आपण गेल्यावर मागे शस्त्रक्रिया करणारी माणसे तयार असावीत, असे ज्याला वाटते, त्याला भाषा लागते. आपल्या घरात तेलुगू, शेजारी कानडी आणि बाजारात मराठी, असे आपण सोलापूरकर तीन भाषांत वावरतो. दुसऱ्याच्या भाषेत शिरल्यावाचून त्याच्या घरात शिरता येत नाही, हे आपल्याला वेगळे सांगावे लागू नये.

आता कोणी म्हणेल, की डॉ. कोटणीस हे त्यागी पुरुष होते, कारखानदाराचे तसे नसते, त्याला नफा पाहावा लागतो. खरे आहे. म्हणून एका कारखान्याचेच उदाहरण घेतो. पुण्याच्या सायरस पूनावाला यांनी 1966 साली सीरम इन्स्टिट्यूटची स्थापना केली. घराण्याचा धंदा शर्यतीच्या घोड्यांच्या पैदाशीचा होता. म्हातारे घोडे लस व प्रतिविष तयार करण्यासाठी हाफकिन संस्थेस दिले जात, त्यातून त्यांना हा उद्योग सुचला. धंद्यातून धंदा निघतो तो असा.

आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंत पसरलेल्या पट्ट्यात मेंदूच्या आवरणाच्या दाहाची, म्हणजे मेनिंजायटिसची, साथ वारंवार येत असे. 1996-97 च्या साथीत सुमारे अडीच लाख माणसांना लागण झाली आणि 25 हजार माणसे दगावली. श्रीमंत देशांत या जातीच्या रोगाचे भय फारसे नव्हते, त्यामुळे त्यावर चांगली लस काढण्यात मोठ्या कंपन्यांना लाभ दिसेना. 2001 साली जागतिक आरोग्य संघटना आणि पाथ ही अमेरिकन संस्था यांनी एकत्र येऊन, गेट्स प्रतिष्ठानाच्या सात कोटी डॉलरांवर काम हाती घेतले. त्यांनी प्रथम आफ्रिकी देशांच्या आरोग्याधिकाऱ्यांना विचारले, की तुम्हांस लस कोणत्या किमतीत परवडेल? उत्तर मिळाले, की एका मात्रेस अर्ध्या डॉलरच्या आत. त्याहून महाग असेल तर ती कितीही उत्तम असली तरी आम्हांस निरुपयोगी आहे. मग त्या किमतीत करून देणारा कारखानदार शोधण्यात आला आणि तो पुण्यात सापडला. मूळ तंत्र अमेरिकेच्या सरकारी प्रयोगशाळेने दिले, माल पुण्यात तयार झाला आणि 2010 च्या डिसेंबरात बुर्किना फासो या देशात लस टोचण्यास प्रारंभ झाला. पुढील दहा वर्षांत 30 कोटींहून अधिक माणसांना ती मिळाली, आणि ज्या जंतूमुळे त्या साथी येत, तो त्या पट्ट्यातून जवळजवळ नाहीसा झाला.

बंधूंनो, आम्ही चाळीस वर्षे माल विकला. आधी माल, मग त्याचा खर्च, मग त्यावर नफा आणि शेवटी किंमत, हा आमचा क्रम. येथे क्रम उलटा झाला. गरजू माणसाने प्रथम किंमत सांगितली आणि कारखानदार त्या किमतीपर्यंत खाली उतरला. त्याने तोटा सोसला असे आम्ही मुळीच म्हणत नाही. कोट्यवधी मात्रांची मागणी हाती असल्यावर थोड्या नफ्यातही कारखाना चालतो, हे आपल्यापैकी कोणासही समजेल. नफा मिळाला म्हणून त्या कामाचे पुण्य कमी होते, असे आम्हांस वाटत नाही. उलट, नफा असतो म्हणूनच दुसऱ्या वर्षीही माल जातो. नुसत्या दयेच्या भरात निघालेला ट्रक एकदाच जातो.

मुंबईच्या सिप्ला कंपनीचेही असेच. 2001 च्या फेब्रुवारीत डॉ. युसुफ हमीद यांनी एड्सवरील तीन औषधांचा वर्षाचा पुरवठा एका रुग्णामागे 350 डॉलरांत देऊ केला. तोवर त्याच उपचारास दहा हजार डॉलर आणि त्याहूनही अधिक पडत होते. आपल्या देशाच्या 1970 च्या पेटंट कायद्यामुळे ते शक्य झाले, हेही विसरता कामा नये. उद्योजकाच्या हिमतीमागे सरकारचे धोरण उभे नसेल, तर ती हिंमत फार काळ टिकत नाही.

या चित्राची दुसरी बाजू झाकून ठेवणे हा अप्रामाणिकपणा होईल. 2021 साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत आपल्या देशात प्रेतांच्या रांगा लागल्या, तेव्हा लशीची निर्यात थांबली. ज्या गरीब देशांनी पुण्याच्या एका कारखान्यावर भिस्त ठेवली होती, ते कित्येक महिने वाट पाहत राहिले. घराला आग लागली असता शेजाऱ्याकडे पाणी पाठविता येत नाही, हे आम्ही जाणतो, आणि त्या निर्णयास नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. पण त्या देशांनी त्यातून काय शिकावे? एकाच विहिरीवर साऱ्या गावाने अवलंबून राहू नये, हेच. म्हणजे माल देण्यापेक्षा माल करण्याची विद्या देणे अधिक मोलाचे ठरते. आणि हे म्हटले, की आपण पुन्हा त्या पत्रापाशी येतो.

कार्यकारिणीत दोन आक्षेप निघाले. दोन्ही आमच्या मित्रांचे आहेत, आणि दोन्ही खोटे नाहीत.

पहिला आक्षेप असा, की आपल्याच घरी दिवा नाही, शेजाऱ्याच्या अंगणात कसला लावता? आपल्या समाजातील हजारो भगिनी आजही विड्या वळून संसार रेटतात. मागावर काम करणाऱ्या बांधवाला म्हातारपणी आधार नाही. हे ज्यांनी मांडले, त्यांनी स्वतः बालपणी आईशेजारी बसून तंबाखू भरलेली आहे. त्यांच्यापुढे परोपकाराची संस्कृत सुभाषिते म्हणून दाखविण्याचे धाडस आम्ही करणार नाही. आमचे म्हणणे एवढेच, की शिष्यवृत्तीच्या आणि वैद्यकीय मदतीच्या निधीतील एक पैसाही या कामाकडे वळवू नये. तसा ठराव प्रथम व्हावा आणि तो इतिवृत्तात नोंदवला जावा. जे करायचे ते ज्यांचे माग चालतात, त्यांनी आपल्या नफ्यातून करावे. त्यात आम्ही आलोच.

आणि घरचे आधी की बाहेरचे आधी, हा हिशेब आपण मांडतो तितका सरळ नसतो, हे आपल्याच जिल्ह्यातील एका शिक्षकाने दाखवून दिले आहे. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले यांना 2020 च्या डिसेंबरात दहा लाख डॉलरांचे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले. पारितोषिक ठेवणारे वार्की प्रतिष्ठानही खासगीच. केरळातून दुबईस गेलेल्या आणि शाळांचा व्यवसाय करणाऱ्या सनी वार्की यांचे ते. डिसले गुरुजींनी त्यातील अर्धी रक्कम अंतिम फेरीतील उरलेल्या नऊ शिक्षकांस वाटून टाकली. त्यांत व्हिएतनामचे होते, नायजेरियाचे होते, ब्राझीलचे होते. परितेवाडीत गरजा संपल्या होत्या म्हणून का त्यांनी तसे केले?

दुसरा आक्षेप धंद्याचा आहे. आपली कला त्यांना शिकविली, तर उद्या तेच आपले गिऱ्हाईक तोडतील. या भीतीस आम्ही हसत नाही. सुताचे भाव आणि विजेची बिले यांनी आधीच आपली कंबर मोडली आहे. तरीही थोडा विचार करावा. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. ते नाव दुसऱ्या कोणास लावता येत नाही. राहता राहिली विद्या. ती तरी मूळची आपली होती काय? आपले पूर्वज तेलंगणातून दुष्काळाने आणि पोटाच्या काळजीने या गावी आले, तेव्हा त्यांच्यापाशी खड्ड्यातला हातमाग आणि धोटा होता. येथे 1877 च्या सुमारास जुनी मिल सुरू झाली होती, पुढे आणखी गिरण्या निघाल्या. तेथल्या साच्यांवर आपले आजे-पणजे यंत्राचे काम शिकले. ज्या जॅकार्डवर आपण चादरीतील मोर उमटवितो, ते तर ल्यों शहरातील एका फ्रेंच विणकराचे आडनाव आहे. त्याने सन 1804 च्या सुमारास ती युक्ती काढली. आपल्या कारखान्यातील कोणाच्याही बोलण्यात हे परदेशी आडनाव दिवसातून दहादा येते, आणि ते परके आहे हे कोणाच्या ध्यानातही नसते.

एवढे सांगून, पत्राचे पुढे काय झाले ते निवेदन करतो.

कार्यकारिणीच्या मागील बैठकीत आम्ही हट्ट धरला, की मदत करायची की नाही याचा निर्णय बाजूस ठेवा, पण उत्तर धाडा, आणि त्यात एकच प्रश्न विचारा. तुम्हांस नेमके काय हवे? आपल्यापैकी पुष्कळांची खात्री होती, की ते जुने माग मागतील. काहींनी तर आपल्या शेडमधील मोडीत काढायचे माग मनातल्या मनात रंग देऊन ठेवले होते! आमचा स्वतःचा अंदाज होता, की ते जॅकार्डचे शिक्षण मागतील. तशी मुले आली तर वसतिगृहात त्यांची सोय कशी करता येईल, याचा कच्चा हिशेबही आम्ही करून ठेवला होता.

उत्तर गेल्या महिन्यात आले. त्यांना माग नको आहेत. त्यांच्याकडे माग आहेत, पूर्वी कोणा दुसऱ्या देशाने दिलेले, चांगल्या प्रतीचे. त्यांपैकी निम्म्याहून अधिक बंद आहेत, कारण बिघडल्यावर ते कोणास दुरुस्त करता येत नाहीत आणि सुटे भाग कोठून आणावेत हे कोणी सांगून ठेवलेले नाही. मुले आमच्याकडे पाठवायलाही ते फारसे उत्सुक नाहीत. मुले गेली की परत येत नाहीत, असा त्यांचा अनुभव आहे. त्यांनी मागितला आहे एक जॉबर. सहा महिन्यांसाठी. मागाचा आवाज ऐकून कोठे काय ढिले झाले ते सांगणारा, लेथवर सुटा भाग स्वतः करून घेणारा, आणि त्यांच्या चार-पाच तरुणांस बरोबर घेऊन काम करणारा. राहण्या-जेवण्याची व्यवस्था ते करतील. जाण्यायेण्याचे भाडे आणि त्याच्या घरी सहा महिने पोचवायचा पगार, एवढे आपण करावे, अशी त्यांची विनंती आहे.

ते पत्र वाचून दाखविले, तेव्हा बैठकीत काही वेळ कोणी बोलले नाही. दोन ट्रक चादरी आणि एक पातेले, हे आम्हांस पुन्हा आठवले.

आक्षेप घेणाऱ्या आमच्या त्या मित्रांनीच मग विचारले, की जॉबर मराठी आणि तेलुगू बोलणार, तेथे त्याचे कसे व्हायचे? प्रश्न योग्य होता. जाणाऱ्या माणसास आधी तीन महिने त्यांची भाषा कामापुरती शिकवावी, त्यांच्याकडील एका मुलाने रोज संध्याकाळी दूरध्वनीवरून ते शिक्षण द्यावे, असे त्यांच्याकडूनच सुचविले गेले आहे. पगाराची आणि भाड्याची रक्कम पंधरा कारखानदारांनी वाटून घेतली, तर प्रत्येकाच्या वाट्यास एका मागाच्या एका महिन्याच्या उत्पन्नाहून अधिक येत नाही. हा हिशेब खजिनदारांनी तपासला आहे. आजपर्यंत नऊ नावे आली आहेत. त्यांत पहिला आक्षेप घेणाऱ्या मित्रांचेही नाव आहे, ही गोष्ट त्यांच्या परवानगीने सांगतो.

सहा नावे पाहिजेत, आणि त्याहून महत्त्वाचे, एक जॉबर पाहिजे. वयाने पन्नाशीच्या आत, प्रकृतीने धडधाकट आणि घरच्या माणसांची संमती असलेला. त्याच्या माघारी त्याच्या घरी काही अडल्यास, दुखलेखुपले तर, कोणी धावून जायचे, याची जबाबदारी घेणारी दोन माणसेही आम्हांस हवी आहेत. नोंदणीची वही संमेलनाच्या कार्यालयात, चिटणीसांच्या टेबलावर ठेवली आहे. भोजनास अजून अर्धा तास अवकाश आहे.